ईदच्या दिवशी चार खेपा

मी कंपनीची डायरेक्टर हाय, हे मला पयल्यांदा कळलं तवा मी म्हशीखाली बसले व्हते. आमचे हे दारातनं वरडले, "अगं, हात पूस आन् हितं सही कर. तू डायरेक्टर झालीयास."

मी म्हणलं, धार मोडून येणार न्हाय, थांबा जरा. म्हैस पान्हवली की मग डायरेक्टर काय आन् कलेक्टर काय. बादली भरली, हात पदराला पुसले आन् सही ठोकली. कागद कशाचा व्हता ते त्यांनी सांगितलं न्हाय, मी बी इचारलं न्हाय. सात वर्षं झाली त्याला. तवापासनं जवा हाक आली तवा हात पुसून सही केली. मी सातवी शिकलेली हाय, वाचता येतं मला. पण चेअरमनच्या बायकोनं कागद वाचत बसावं म्हंजी नवऱ्यावर इस्वास न्हाय असंच झालं की.

चेअरमन म्हंजी माझा नवरा. अख्खं कन्हेरी गाव त्यांना आबासाहेब म्हणतं, मी ‘अवो’ म्हणते, आन् राग आला की चेअरमन म्हणते. आमची चारविहीर शेतकरी उत्पादक कंपनी. दोनशे अकरा सभासद, बहुतेक समदे पेरूवाले. बाजारात पेरूला भाव पडला की आमी त्याचा गर काढायचा, मोठाल्या पिंपांत भरून ठेवायचा आन् भाव आला की ज्यूसवाल्यांना इकायचा. हापीस म्हंजी आमच्या घराची पुढची खोली. मधी एक पडदा, पडद्याच्या अलीकडं माझं सैपाकघर. त्यामुळं कंपनीत काय चाललंय ते मला चेअरमनच्या आधी कळतं.

यांना एकाच गोष्टीची घमेंड. कंपनी निघाल्यापासनं दरसाल नफा. थोडा असंल, पण नफा. वर्षाच्या सभेत छाती काढून नफा सांगायचा, टाळ्या घ्यायच्या आन् सभासदाला काहीतरी वस्तू वाटायची. मागल्या सभेला तर एकेकाला पाच लिटरचा कुकर दिला. त्या दिवशी हे घरी आले ते जमिनीवर पाय न टेकता.

मग आलं पंचवीस साल. गराला गिऱ्हाईकच न्हाय. ऐंशी पिंपं शेडमधी तशीच उभी, लग्न न ठरलेल्या पोरींसारखी. मार्च सरला, एप्रिलची नऊ तारीख आली आन् हिशेब लिहिणारी रोहिणी खाली मान घालून म्हणाली, "आबा, दोन लाख नव्वद हजार तोटा दिसतोय."

"दिसतोय ना? मग न दिसंल असं कर," हे म्हणले.

त्याला कारण व्हतं. बँक कोल्ड रूमला कर्ज द्यायला तयार व्हती, पण तिला दोन गोष्टी पायजे व्हत्या. नफा आन् ऑडिटरचा स्वच्छ अभिप्राय. ह्यांच्या डोक्यात दोन्ही एकच. आन् तोटा निघाला तर सभेत संदेश आन् त्याचं टोळकं टपून बसलेलंच. संदेश म्हंजी पिंपळीचा आमचा एक तरणा सभासद, मोबाईलवर पेरूचे भाव बघून ह्यांना आकडे इचारतो.

ह्यांनी फोन लावला डाळजला, आमच्या व्याह्यांना. गेणूतात्यांचं हायवेच्या कडंला गोडाऊन हाय.

"तात्या, ऐंशी पिंपं तुमाला इकली बरं का."

तिकडनं तात्या घाबरले असणार, कारण हे लगेच म्हणले, "न्हाय न्हाय, पैसं न्हाय द्यायचं. कागदावर इकली. आन् याच म्हैन्यात कागदावरच परत घेतो. माल जागचा हलणार न्हाय."

तात्या हसले. आमचे व्याही भले माणूस, कुणाला न्हाय म्हणायचं त्यांना जमत न्हाय.

मग तारखेचा घोळ. बिल मार्चमधलं पायजे. रोहिणी म्हणाली, "एकोणतीस टाकू?"

हे उसळलेच. "शनिवारची अमावास्या व्हती ती! अमावास्येला यवहार केला तर कंपनी बुडंल."

"मग तीस?"

"पाडवा? वर्षाच्या पयल्या दिवशी खोटं लिहायचं? आपल्याला काय लाज हाय का न्हाय?"

मी पडद्याआड भाकरी थापत व्हते. मला हसू दाबंना. खोटं लिहायचं ते लिहायचं, पण मुहूर्त बघून.

"एकतीस टाक," हे म्हणले. "चांगला सोमवार हाय. इरफानच्या टेंपोच्या चार खेपा दाखव. नऊ, बारा, तीन आन् सहा. खेपेला वीस पिंपं."

इरफानच्याच टेंपोतनं कंपनीचा माल जातो, रोहिणीला नंबर तोंडपाठ. भरताना उभं राहिल्याची सही ह्यांनी स्वतः केली, चारी पावत्यांवर. झालं. दोन लाख नव्वदचा तोटा गेला आन् साठ हजार नफा आला. पिंपं बिचारी शेडमधीच. खोटं कशाला बोलू, त्या तारखेला काय व्हतं ते माझ्या बी ध्यानात आलं न्हाय. कॅलेंडर माझ्या सैपाकघरात, आन् ह्यांनी दिवस मोजले बोटांवर.

आता नसरीनचं सांगते. आमच्या मागल्या आळीत इकबालभाई राहतात. मोटारी भरायचं त्यांचं दुकान, म्हंजी इहिरीवरची मोटार जळली की तार गुंडाळून देणार ते. त्यांची थोरली नसरीन, धाकटा आपला टेंपोवाला इरफान. दहावीला असताना त्यांच्या घराचं काम निघालेलं, तर पोरगी सहा म्हैने माझ्या सैपाकघरात अभ्यासाला बसली. माझ्या हातची शेंगोळी खाऊन सीए झाली असं मी सगळ्यांना सांगते, आन् ती नुसती हसते. इंदापुरात तिनं छोटं हापीस टाकलं. बारामतीचे आमचे जुने ऑडिटर, चहा आन् चार पेरू घेऊन सही करणारे, म्हातारे झाले म्हणून बंद झाले. तवा ह्यांनी सभेत नसरीनचं नाव सुचवलं. घरी आल्यावर मला म्हणले, "घरची पोरगी हाय. आपल्या ताटातली."

मी म्हणलं, "ताटातली हाय म्हणूनच जपून. कुणी किती खाल्लं ते तिला ठावं असतं."

ह्यांना ते कळलं न्हाय. मला तरी कुठं कळलं व्हतं.

ऑगस्टात नसरीन स्कूटरवरनं आली. हेल्मेट काढलं, माझ्या पाया पडली, पाणी प्याली आन् पडद्यापलीकडं जाऊन बसली. दोन दिवस नुसती पानं उलटत व्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत असताना तिचा आवाज आला. लई मऊ आवाज.

"आबा, एकतीस मार्चला ऐंशी पिंपं डाळजला गेली?"

"व्हय."

"चार खेपा? इरफानच्या टेंपोतून?"

"दुसरा कोण हाय? तुझ्या भावासारखा इमानी माणूस हाय का तालुक्यात?"

"माल रस्त्याने नेताना साइटवर काढायचं ई-वे बिल दिसत नाही."

"त्या दिवशी साइट बंद व्हती."

पेनाचा आवाज आला. पोरीनं ते बी लिहून घेतलं.

"आणि माल भरताना तुम्ही स्वतः हजर होता? तुमची सही आहे म्हणून विचारते."

"सकाळी नवापासनं सांजंला सातपतूर! उन्हानं नुसतं डोकं भणाणलं. पाणी प्यायला सवड झाली न्हाय बघ."

नसरीननं पेनाला टोपण लावलं असावं, टिक् असा आवाज आला.

"आबा, मग त्या दिवशी सकाळी अकरा वाजता आमच्या घरी तीन वाट्या शिरखुर्मा कोण खाऊन गेलं?"

माझ्या हातातली मेथीची जुडी सुटली. अगं बाई! एकतीस मार्च म्हंजी ईद! पाडव्याच्या सांजंला चंद्र दिसला, मी पुरणपोळ्या घेऊन नसरीनच्या आईकडं, रशीदाकडं गेले व्हते, आन् दुसऱ्या दिवशी आमचं समदं घर त्यांच्याकडं. आन् इरफानचा टेंपो? टेंपोला फुगं बांधून त्यानं गल्लीतली समदी पोरं भिगवणला पाण्यावरचे रोहित पक्षी दाखवायला नेली व्हती. आमचा नातू ज्ञानेश बी त्यातच व्हता. टेंपो त्या दिवशी डाळजवरनंच गेला म्हणा, पण त्यात पिंपं न्हवती, पोरं व्हती.

पडद्यापलीकडनं आमचे चेअरमन बारीक आवाजात म्हणले, "तीन न्हाय. दोन. तिसरी तुझ्या आईनं बळंच वाढली."

मी तोंडात पदर कोंबला. पण पुढचं ऐकलं तसं हसू पळालं. माणूस पकडला गेला की एक तर रडतो न्हायतर चिडतो. आमचे हे चिडले.

"तुला कुणी नेमली हितं? मी नेमली! एकतरी कंपनी व्हती का तुझ्याकडं? उद्या दुसरा ऑडिटर बघतो. आन् इंदापूर-बारामतीत सांगतो, ही पोरगी ज्या घरात जेवली त्या घराच्या वाट्या मोजती."

मी पडदा सारला. पोरीचा चेहरा पांढराफटक, पण मांडी घातलेली हालली न्हवती.

"आबा, माझी ही पहिलीच कंपनी आहे, खरं आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ते बिल खरं असेल तर दोन डायरेक्टरांनी तसं लेखी द्या. पण लेखी दिलंत तरी मी जे पाहिलंय ते सोडता येणार नाही. माझ्या अभिप्रायात शेरा येणार."

ह्यांनी ‘लेखी द्या’ एवढंच ऐकलं. जुना ऑडिटर सांगायचा म्हणे, लेखी दिलं की ऑडिटर सुटला. रोहिणीनं कागद छापला. पयली सही ह्यांनी केली आन् सवयीनं हाक मारली, "अगं! हात पूस आन् सही कर."

मी हात पुसले. पेन घेतलं. आन् नसरीन म्हणाली, "काकू, वाचून करा."

तिनं तसं म्हणलं नसतं तर मी केली असती. वाचलं. ‘आम्ही खाली सही करणारे संचालक असे निवेदन करतो की, दिनांक ३१ मार्च रोजी आमच्या समक्ष...’ आमच्या समक्ष! माझ्या समक्ष त्या दिवशी रशीदानं काजू जास्त टाकले व्हते, एवढंच झालं व्हतं.

मी पेन ठेवलं. "उद्या करते."

"उद्या कशाला? अमावास्या हाय का?"

"भाजी करपंल," म्हणून मी आत गेले.

रातच्याला हे जेवले न्हाईत. भाकरी कुस्करली आन् तशीच ठेवली. मग माझ्याकडं न बघताच म्हणले, "प्रयाग, तू सही न्हाय केलीस तर बँक गेली, कोल्ड रूम गेली. सभेत ते संदेशचं टोळकं मला खुर्चीसकट उचलून फेकंल. कंपनी मी माझ्यासाठी काढली का? लोकांचे पेरू रस्त्यावर पडत व्हते म्हणून काढली."

ते खरं व्हतं. मला त्यांची कीव आली, खरंच आली. एका अंगाला चाळीस वर्षांचा नवरा आन् त्याची इज्जत. दुसऱ्या अंगाला ती पोरगी, जिचं नाव ह्यांनी तालुक्यात बदनाम केलं तर तिला पुन्हा कुणी कागद दाखवणार न्हाय. आन् मधी माझी एक सही. सात वर्षं माझ्या सहीला कुणी कुत्रं बी इचारत न्हवतं, आन् आता समद्यांचं तिच्यावाचून अडलेलं.

दुसऱ्या दिवशी डेअरीचा पगार व्हता. दहा दिवसांचं दूध पडताळायचं म्हणून मी कॅलेंडर खाली काढलं. माझी रीत अशी हाय की रोज किती लिटर घातलं ते तारखेच्या चौकोनात लिहायचं, घरी किती ठेवलं ते बी, कुणाला दिलं ते बी. सासूनं लावलेली सवय. ती भिंतीवर कोळशानं लिहायची, मी कॅलेंडरवर लिहिते. हाताला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पानं मागं उलटत मार्चवर गेले. एकतीसच्या चौकोनात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘डेअरी ४. इकबाल ५, ईद. पैसे न्हाय.’

एवढं बघितलं आन् माझा जीव भांड्यात पडला. ठरलं.

नसरीन आली, हे खुर्चीत बसले. मी कॅलेंडर टेबलावर आपटलं.

"अवो चेअरमन, माझ्या समक्ष काय झालं ते हितं लिहिलंय. तुमच्या कागदावर माझ्या समक्ष दुसरंच झालंय. मी एक बाई, दोन ठिकाणी कशी असंल? सही करायची तर हे पान फाडावं लागंल. हे फाडलं तर डेअरीवाला बी मला लुबाडंल. मी फाडणार न्हाय."

"दुधाच्या हिशेबाला कोण इचारतंय!" हे म्हणले.

"मी विचारते," नसरीन म्हणाली. तिनं कॅलेंडर ओढून घेतलं, माझ्याकडनं डेअरीच्या पावत्या मागितल्या आन् खरंच ताडून बघायला लागली. मार्चच्या, जूनच्या, मधल्याच कुठल्या तरी. एका ठिकाणी अर्ध्या लिटरचा फरक निघाला. मी म्हणलं, त्या दिवशी मांजरानं सांडलं, बघ खाली लिहिलंय. तिनं बघितलं. लिहिलं व्हतं.

"काकू, तुमचा हिशेब स्वच्छ आहे," ती म्हणाली. मला मेलीला उगाच हुरूप आला.

हे कुरकुरले, "तिला म्हशीत काय तोटा हाय का? नफा असला की स्वच्छच असतं."

नसरीननं मान वर केली. "आबा, तुम्हाला तसं वाटतं? नफा असला की स्वच्छ अभिप्राय आणि तोटा असला की शेरा?"

"मग?"

"अहो आबा, अभिप्राय नफ्या-तोट्याला नसतो, खऱ्या-खोट्याला असतो. साठ हजार नफा असा खोटा लिहिलात तर मी शेरा देणार. दोन लाख नव्वद तोटा खरा लिहा, मी स्वच्छ देते."

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. "तोटा असून स्वच्छ?"

"अगदी स्वच्छ."

"आन् नफा असून डाग?"

"हो."

सात वर्षं चेअरमन असलेला माणूस पेरूचं झाड उलटं लावल्यासारखा बघत बसला. मला बी ते त्याच दिवशी कळलं, पण मी तसं दाखवलं न्हाय.

"आणि हे असं केलेलं टिकत पण नाही," नसरीन म्हणाली. "शेजारणीकडून पीठ उसनं आणून पाहुण्यांना पोळ्या वाढल्या, तर पुढच्या आठवड्यात तेवढं पीठ आपल्या डब्यातून जातं. पुढच्या वर्षीच्या डब्यातून तुम्ही या वर्षी काढलंत, तर पुढच्या वर्षी डबा रिकामा. मग अजून उसनं." तिनं एक पान मागं उलटलं. "आबा, मार्चमध्ये माल जायचा आणि एप्रिलमध्ये परत यायचा, ही सवय जुनी आहे का?"

ह्यांना जोराचा ठसका लागला. मी पाणी आणायला पळाले. पाणी घेऊन आले तवर हे रोहिणीला सांगत व्हते, "फाड ते बिल."

"फाडता येत नाही आबा," रोहिणी म्हणाली. "उलटी नोंद करावी लागते."

"मग कर उलटी. समद्याच कर."

‘समद्याच’ म्हणले. मी ऐकलं. पण माझ्या डोक्यात माझंच कॅलेंडर नाचत व्हतं. जिंकलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

पंधरा दिवसांनी ताळेबंद तयार झाला. चांगली जाड पुस्तिका. नसरीननं पेन पुढं केलं आन् पुन्हा म्हणाली, "काकू, वाचून करा."

मी म्हणलं, "गप गं. तू केलंयस म्हंजी झालं. आता तुझी पारख न्हाय का झाली मला?" हात पुसले आन् सही केली.

सप्टेंबरात समाजमंदिरात सभा. आमच्या सभेची एक जुनी रीत हाय. रोहिणीनं म्हणायचं, ‘अहवाल आणि ताळेबंद वाचला असं समजावं का?’ आन् समद्यांनी वरडायचं, ‘समजावं! मंजूर! मंजूर!’ मग भेळ. सात वर्षांत एक ओळ कुणी वाचलेली न्हाय. हे उठले. धोतराचा सोगा सावरला.

"मंडळी," हे म्हणले, "या साली कंपनीला तोटा झालाय. एक लाख पंधरा हजार. लपवायचं काय कारण न्हाय. ऑडिटरचा अभिप्राय स्वच्छ हाय."

संदेशनं मोबाईल बाहेर काढला. आन् माझ्या डोक्यात घण बसला. एक लाख पंधरा? दोन नव्वद न्हवं का? पुन्हा केलं ह्या माणसानं! पुन्हा कुठंतरी पावणेदोन लाख चोरले!

रोहिणीनं सुरू केलं, "अहवाल आणि ताळेबंद वाचला असं समजावं का..."

"समजायचं न्हाय!" मी उठून उभी राहिले. डायरेक्टर झाल्यापासनं सभेत पयल्यांदा तोंड उघडलं. "तोटा दोन नव्वद व्हता. माझ्यासमोर बोललेत. बाकीचा गेला कुठं? वाचा! मोठ्यानं वाचा!"

हे माझ्याकडं बघतच राहिले. नसरीन पयल्या ओळीत बसलेली, तिनं डोळे मिटले. मला वाटलं, बघा, तिला बी फसवलंय.

रोहिणीनं घाबरत नववं पान काढलं. "मागील वर्षी, म्हणजे ३१ मार्च २०२४ रोजी, चाळीस पिंपांची विक्री दाखवली होती. तो माल प्रत्यक्षात गेला नव्हता आणि एप्रिलमध्ये परत आल्याचं दाखवलं. ती चूक दुरुस्त केली आहे. त्यामुळे मागील वर्षाचा एक लाख चाळीस हजार नफा हा प्रत्यक्षात पस्तीस हजार तोटा आहे. आणि यंदाचा तोटा एक लाख पंच्याहत्तर हजारांनी कमी होऊन एक लाख पंधरा हजार राहतो."

उसनं पीठ. मागल्या साली काढलेलं पीठ या सालाच्या डब्यातनं गेलं व्हतं, ते पोरीनं जिथल्या तिथं घातलं. या खेपेला नवरा खरं बोलत व्हता, आन् मी भर सभेत त्याला चोर ठरवला.

दगडाबाई उठली. आमची सगळ्यात म्हातारी सभासद, सव्वा एकर पेरू. "म्हंजी मागल्या साली तोटा व्हता?"

"व्हय," हे म्हणले.

"मग माझ्या चुलीवरचा कुकर कशाचा?"

सभा हसली. दगडाबाई हसली न्हाय.

"हसू नगा. मी त्या नफ्यावर इस्वासून पोराला सांगितलं, पेरूची झाडं काढू नगं, कंपनी चालतीया. मला एवढंच सांगा, मागल्या सालाच्या कागदावर सह्या कुणाच्या हायेत?"

रोहिणीनं मागली पुस्तिका उघडली. बघितलं. आन् वाचंना. पोरगी नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मला आठवलं. गुळाचा पाक चुलीवर व्हता, लाडू वळायचे व्हते. हाक आली. मी चिकट हात पुसले व्हते, त्या कागदाच्या कोपऱ्याला तरी बी डाग पडला व्हता. कॅलेंडरावर मांजरानं सांडलेलं अर्धा लिटर दूध लिहिणारी बाई मी. खाली बसावं वाटलं. पण उभी तर मीच राहिले व्हते, कुणी उठवलं न्हवतं.

"एक सही ह्यांची," मी म्हणलं. "दुसरी माझी हाय. मी वाचलं न्हवतं. आन् या सालाचं बी वाचलं न्हाय, तशीच सही केली. पोरगी दोनदा म्हणली वाचा म्हणून, तरी बी न्हाय वाचलं."

संदेशनं मोबाईल खिशात घातला. मला वाटलं ह्यांनी काहीतरी बोलावं, मला झाकावं, चाळीस वर्षं एकमेकांना झाकतच आलो की. हे गप राहिले. बरं झालं गप राहिले.

"मग आता वाच," दगडाबाई म्हणाली आन् खाली मांडी घालून बसली. "पयल्या पानापासनं. मोठ्यानं वाच, मला कमी ऐकू येतं."

नसरीननं माझ्या हातात पुस्तिका दिली. अक्षरं बारीक, डोळ्यांत पाणी, चष्मा घरी. तिनं तिचा चष्मा काढून दिला, तो बी लागंना. लांब धरून, अडखळत सुरू केलं. घसाऱ्याशी अडले तर रोहिणीनं सांगितलं. चौथ्या पानावर पाय दुखायला लागले, तवा हे उठले आन् आपली खुर्ची माझ्याकडं सरकवून खाली सतरंजीवर दगडाबाईच्या शेजारी जाऊन बसले. मी बसले आन् पुढचं वाचायला लागले. सव्वीस पानं व्हती. भेळ पार मऊ पडली, पण एक बी माणूस उठला न्हाय.